मावसाजी आणि बिनतारी झटका

न होणारी गोष्ट कानावर पडली की पोटात कळ आल्यासारखा ज्याचा चेहरा होतो, असा माणूस साऱ्या वर्धा जिल्ह्यात एकच आहे, आणि तो मावसाजी म्हणून माझ्या वाट्याला आला आहे. माझ्या मावशीचे हे यजमान, वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम हिंगणघाट. कोणी तोंडावर लबाडी केली तर मावसाजी हसून सोडून देतात, कारण माणूस लबाडी करतो ही गोष्ट त्यांच्या मते अगदी शक्य कोटीतली आहे. पण "आमच्या घरात कधी भांडणच होत नाही" असं एखादा म्हणाला की ते हातातला कप खाली ठेवतात, चष्मा काढतात आणि कसलाही राग न दाखवता म्हणतात, "असं होत नाई." एवढंच. वाद घालत नाहीत. पण पुढच्या वेळी त्या घरी गेले की भांडणाची वाट पाहत बसतात.

माझं लग्न ठरत होतं तेव्हा माझे सासरे बैठकीत म्हणाले, "आम्हाला काही नको. फक्त मुलगी द्या." सगळ्यांच्या माना समाधानाने हलल्या. कोपऱ्यातून मावसाजी म्हणाले, "काहीच नको असं होत नाई. चहा तं पाह्यजे." माझे वडील घामाघूम झाले. मग सासरे मोठ्याने हसले आणि म्हणाले, "पाहिजे हो, चहा पाहिजे." तेव्हापासून माझ्या सासरी कुठलाही निर्णय अडला की "हिंगणघाटवाल्यांना विचारा" असं म्हणतात. मी यादी केल्याशिवाय काम न करणारी बाई आहे. घरात कार्य निघालं की आचारी, मांडव, पाण्याचा टँकर, आंघोळीचं गरम पाणी असं सगळं मी आधी कागदावर उतरवते, आणि गेली कित्येक वर्षं त्या कागदावर एक ओळ न चुकता असते: मावसाजींना कोणाकोणाशेजारी बसवायचं नाही. त्यात ज्योतिषी असतो, जमिनीचे व्यवहार करणारा असतो आणि शाकाहाराने सगळे रोग बरे होतात म्हणणारे माझे चुलत दीर असतात.

टीव्हीवरच्या मालिका त्यांच्यासोबत पाहणं ही तर शिक्षाच. एकदा मावशीच्या आवडत्या मालिकेतल्या सासूने उघड्या तारेला हात लावला आणि ती उडून सोफ्यावर पडली. मावसाजी जेवत होते. ताटावरून उठून त्यांनी टीव्हीचं बटण बंद केलं. "घरच्या लाइनले माणूस चिकटते. असं गादी पाहून उडत नाई," म्हणाले आणि पुन्हा जेवायला बसले. सासू मेली की वाचली हे मावशीला दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून कळलं. एका वर्षी गणेश मंडळाने त्यांना देखाव्यांचा परीक्षक केलं, ही मंडळाची चूक. एका देखाव्यात आकाशातून निळी वीज यायची आणि राक्षस धाडकन पडायचा. कार्यकर्त्यांनी त्यासाठी आठवडाभर जागून काम केलं होतं. मावसाजींनी राक्षसाच्या पायाशी वाकून पाहिलं आणि विचारलं, "वरून आली, ते समजलं. पण परत कुठून गेली?" त्यांनी त्या देखाव्याला गुण दिले नाहीत, शिरा मात्र दोनदा मागून घेतला.

"परत कुठून गेली?" हा त्यांच्या आयुष्याचा प्रश्न आहे, आणि तो त्यांच्या धंद्यातून आला आहे. हिंगणघाटच्या बाजारात त्यांचं दुकान आहे. वडिलांच्या वेळी ते कापडाचं होतं, मावसाजींनी ते विजेच्या सामानाचं केलं, आणि आता तिथे मुख्यत्वे झटका मशीन मिळतं. आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. कपाशीच्या नाहीतर हरभऱ्याच्या शेताभोवती तार ओढायची, ती या मशीनला जोडायची. रानडुक्कर किंवा रोही, म्हणजे नीलगाय, तारेला लागलं की त्याला जोराची टिचकी बसते आणि ते जिवंत माघारी पळतं. पण ही टिचकी बसायला मशीनची दुसरी तार लोखंडी सळईला जोडून ती सळई जमिनीत पुरावी लागते. करंट तारेतून जनावरात, जनावराच्या पायातून जमिनीत, आणि जमिनीतून सळईवाटे पुन्हा मशीनकडे असा फेरा पूर्ण झाला तरच झटका. हेच ते अर्थिंग. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळली की फेरा तुटतो, झटका लागत नाही, आणि शेतकरी मशीन डोक्यावर घेऊन भांडायला येतो. मावसाजी त्याला पाणी पाजतात आणि म्हणतात, "मी तुले पाणी पाजलं ना? आता जाऊन सळईले पाज. मंग मशीनले शिव्या देजो." तारेत करंट आहे की नाही हे ते गवताची हिरवी काडी तारेला टेकवून पाहतात, काडीतून बोटाला हलकी टिचकी लागते. त्यासाठी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी एक ताजी काडी रोज खोवलेली असते. लग्नकार्यातही असते. फोटोतही दिसते.

त्यांच्या या हट्टामागची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. धंद्याच्या सुरुवातीच्या दिवसांत एका ओळखीच्या शेतकऱ्याने भर गर्दीत विचारलं होतं, कुंपणाला घरची लाइन सरळ जोडली तर होते का. मावसाजी दुसऱ्याच गिऱ्हाइकाशी बोलत होते. नीट न ऐकता ते "होते, होते" म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्या माणसाचा बैल कुंपणापाशी मरून पडलेला होता. "बैल होता म्हणून," मावसाजी एवढंच म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. त्यानंतर डोळ्यांनी चालताना पाहिल्याशिवाय कुठल्याही गोष्टीला त्यांनी "होते" म्हटलेलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरलासुद्धा नाही. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, डॉक्टर म्हणाला, "शंभर टक्के दिसेल, बाबाजी." मावसाजी खुर्चीवरून उतरले. "शंभर टक्के असं काही नसते," म्हणाले आणि चप्पल घालून घरी आले. पुढची काही वर्षं ते उजव्या डोळ्यावर जग चालवत होते.

अशा माणसाकडे माझी मुलगी कल्याणी मागच्या मार्चमध्ये एक बंदूक घेऊन गेली. म्हणजे बंदुकीचं चित्र घेऊन. कल्याणी पुण्याला कॉम्प्युटरवरचे गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. इतके दिवस ती दुसऱ्यांच्या गेममधली झाडं आणि भिंती रंगवत होती, आणि आता पहिल्यांदाच तिने स्वतःचा गेम सुचवला होता. त्यात एक मुलगी रात्रीच्या वेळी शेतं आणि जंगलाची कड राखते. तिच्या हातात एक हत्यार आहे. त्यातून निळा किरण निघतो, चोरटा शिकारी झटका लागून पडतो आणि थोड्या वेळाने उठून पळतो. तार नाही, गोळी नाही, कोणी मरत नाही. तिच्या साहेबाने सांगितलं होतं की सोमवारच्या बैठकीत हे हत्यार खरं वाटेल असं मांडून दाखव, नाहीतर आपण दुसऱ्याचा तलवारीचा गेम घेऊ. ही एक संधी गेली तर पुन्हा भिंती रंगवायच्या. मी म्हटलं, "मग इंटरनेटवर शोध, इंजिनियर गाठ, हिंगणघाटला काय आहे?" ती म्हणाली, "आई, बाकी सगळे म्हणतात, गेम आहे, चालून जाईल. आबाजी 'होते' म्हणाले तर मी कोणासमोरही उभी राहीन. नाही म्हणाले तर मांडणारच नाही." मावसाजींना ती आबाजी म्हणते. मला ही अट अजिबात पटली नाही. पण शनिवारी सकाळी आम्ही दोघी वर्ध्याहून हिंगणघाटला गेलो.

कल्याणीने दुकानाच्या काउंटरवर लॅपटॉप उघडला. पडद्यावर वीज आहे हे पाहून मावसाजींनी सवयीने आधी चार्जरचा प्लग ओढून काढला. मग मान वाकडी करून उजवा डोळा पडद्याजवळ नेला. मुलगी धावली, किरण सुटला, शिकारी पडला.

"हे काय करून राह्यली ही?"

"झटका देऊन राहिली, आबाजी. बिनतारेचा."

"तार काऊन नाई?"

"तार घेऊन रानात कशी पळेल ती?"

"मंग हवेतून गेला म्हणते तू? हवा नाई जाऊ देत, पोरी. बोटभर ठिणगी उडवाले किती जोर लागते! आभाळाले जमते, त्याच्याजवळ ढग हाये. हिच्याजवळ काय हाये?"

आतून चहा घेऊन आलेली मावशी म्हणाली, "अवो, गेम हाये तो! खेळाचा! त्यात माणसं उडून राह्यले तरी तुमचं काय जाते?"

"उडू दे ना. पंख दाखव म्हणा, मी कुठं नाई म्हणतो?"

कल्याणी हरणारी नव्हती. तिने सांगितलं की खूप जोराचा लेझर असला तर तो हवेतून जाताना त्याच्या वाटेवरची हवा फुटते आणि तेवढ्या वाटेपुरती हवा वीज जाऊ देते. प्रयोगशाळेत लोक यावर काम करतात. मावसाजींनी डोळे मिटले. "म्हणजे उजेडानं पांदण पाडाची, अन् पांदणीनं बैलगाडी हाकाची." पांदण म्हणजे आमच्याकडची शेतात जाणारी वाट. कल्याणी म्हणाली, अगदी तसंच. दुपारी मावसाजी जेवायलाही आले नाहीत. मावशी दोनदा बोलावून आली आणि म्हणाली, "जाऊ दे बेबी, त्याईच्या पोटात पांदण शिरली हाये." बेबी म्हणजे मी, पन्नाशी आली तरी हिंगणघाटला मी बेबीच आहे.

चारच्या सुमारास त्यांनी हाक मारली. त्यांच्या मनात दुसरीच सोय आली होती. झटक्याचं लहानसं मशीन बॅटरीसकट फेकून मारायचं; ते अंगाला चिकटेल आणि तिथल्या तिथे झटका देईल, कारण त्याला जायला आणि यायला दोन्ही टोकं अंगावरच मिळतील. "हे होऊ शकते," असं ते म्हणणार, इतक्यात हे किती लांब फेकता येतं ते पाहू म्हणून त्यांनी एक जुनं मशीन उचललं आणि गल्लीत फेकलं. ते समोरच्या किराणावाल्याच्या तेलाच्या डब्यावर आदळलं. किराणावाला बाहेर आला. "काय झालं, काकाजी? वापस करून राह्यले का माल?" मावसाजी म्हणाले, "नाई रे, पोरीचा गेम हाये." किराणावाल्याने मान हलवली आणि आत गेला, इतक्या वर्षांत त्याला सवय झाली होती. कल्याणी मात्र म्हणाली, "आबाजी, मशीन फेकणारी मुलगी नको मला. किरणच पाहिजे." मग त्यांनी नाइलाजाने मूळ प्रश्न पुन्हा काढला. पांदण कबूल, करंट शिकाऱ्यापर्यंत गेला, पण परत कुठून आला?

"जमिनीतून," कल्याणी म्हणाली. "तुमच्या कुंपणासारखा."

मावसाजींनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने त्यांच्या दुकानाची किल्ली मागितली आणि ती द्यावीशी वाटली. "मंग ह्या शिकाऱ्यानं चप्पल काऊन नाई घातली?" चित्रातला शिकारी अनवाणी होता. कल्याणीने सहज काढला होता तो. आता एकेक गोष्ट निघू लागली. शिकाऱ्याने रबरी चप्पल घातली असेल तर किरण वाया जाईल. म्हणून मुलीने आधी त्याला चिखलात आणायचं, चप्पल चिखलात फसवायची. जमीन कोरडी असेल तर झटका क्षीण. म्हणून तिला पाटाचं पाणी कुठे सोडलंय ते माहीत पाहिजे. रविवारी सकाळी मी अंघोळीला उठले तेव्हा दोघं परसात सळईभोवती पाणी ओतत होती, आणि मावसाजी काडी टेकवून बोटाला किती टिचकी लागते ते आधी आणि नंतर तिला दाखवत होते. "समजलं? जमीन ओली झाली की मशीन शहाणं होते." एवढ्या जोराच्या किरणाला बॅटरीही मोठी लागेल, ती कुठे आहे, हेही त्यांनी विचारलं. कल्याणी म्हणाली, बंदुकीत. "असं होत नाई. पाठीवर दे. फवारणीचा पंप घेते ना बाई पाठीवर, तशी." कल्याणीने तिथल्या तिथे मुलीच्या पाठीवर पंपासारखी बॅटरी काढली, हातात नळी दिली. चित्र एकदम आमच्या गावचं झालं. मी इतके दिवस ज्याला खेळणं समजत होते ते पाहून मलाही वाटलं की ही मुलगी मला कपाशीच्या ओळीत भेटलेली आहे.

सगळं जुळलं होतं, फक्त "होते" हा शब्द राहिला होता. रविवारी दुपारी कल्याणीला नागपूरहून पुण्याचं विमान होतं. आम्ही स्टँडवर नागपूरची एसटी धरली, मावसाजी पोचवायला आले होते. मी जामच्या चौरस्त्यावर उतरून वर्ध्याची गाडी घेणार होते. कल्याणीने खिडकीतून विचारलं, "मग आबाजी, होते म्हणू ना उद्या?"

मावसाजींनी खाली पाहिलं. "मी पाह्यलं नाई, पोरी."

तिचा चेहरा उतरला. तिने मान हलवली, खिडकीची काच ओढून घेतली आणि लॅपटॉपची बॅग मांडीवर घट्ट धरून समोर बघत बसली. मला त्या म्हाताऱ्याचा राग आला. एक शब्द, तोही खेळातल्या बंदुकीसाठी, देऊन टाकायला काय हरकत होती? गाडीने घरघर सुरू केली आणि तेवढ्यात मावसाजी धोतराचा सोगा धरून आत चढले. "एक मुद्दा राह्यला," म्हणत ते कल्याणीच्या शेजारी बसले आणि गाडी सुटली. कंडक्टर आला. "बाबाजी, कुठं? कार्ड हाये का? तुम्हाले फुकट हाये."

"फुकट असं काही नसते. कोनीतरी कुठून तरी भरते."

"भरते ना बाबाजी, तुम्ही बसा."

राहिलेला मुद्दा असा होता की फेरा शिकाऱ्याच्या पायापर्यंत पूर्ण होतो, पण तो मुलीच्या पाठीवरच्या बॅटरीपर्यंत परत कसा येतो? तिलाही सळई पाहिजे. "तिच्या टाचेले लोखंडी खिळा दे. मारायच्या आधी टाच जमिनीत रोवावी लागन. म्हणजे पळता पळता नाई मारता येनार. उभं राहावं लागन तिले." कल्याणी एकदम सरळ बसली. "म्हणजे समोरून तो अंगावर येतोय आणि ही पळू शकत नाही?" मावसाजी म्हणाले, "झटका द्याचा तं जमिनीले धरून राहाच लागते. दुसऱ्याले भेव दाखवाचा अन् आपले पाय हवेत, असं होत नाई." पुढचा सगळा रस्ता ती वहीत काढत होती आणि ते उजव्या डोळ्याने पाहत होते. मी बाहेर पाहत होते.

जामला आम्ही दोघं उतरलो. कल्याणी खिडकीशी आली, पण या वेळी तिने काही विचारलं नाही. गाडी निघता निघता मावसाजीच तिच्या खिडकीसोबत चार पावलं चालले. खिशातली काडी काढून त्यांनी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "पाह्यलं नाई मी. पण मले पाहाचं हाये." मग रस्ता ओलांडून हिंगणघाटच्या गाडीची वाट पाहत उभे राहिले, पाठ माझ्याकडे करून.

सोमवारी कल्याणीचा फोन आला. साहेबाने विचारलं होतं, हे होऊ शकतं याची खात्री काय? ती म्हणाली होती, "ज्यांनी आयुष्यात न पाहिलेल्या कशालाही हो म्हटलेलं नाही, त्यांना हे पाहायचं आहे." आणि मग तिने टाचेतला खिळा, चिखल, चप्पल आणि पंप दाखवला. गेम तिला मिळाला. मी लगेच हिंगणघाटला फोन केला. मावसाजी ऐकून घेऊन म्हणाले, "बरं. किती दिवसांत बनते?" मी सांगितलं की अशा गोष्टींना दोन-तीन वर्षं लागतात. "तीन वर्षं," ते म्हणाले, आणि फोन मावशीच्या हातात दिला.

पुढच्या महिन्यात मावशीने मला बोलावून घेतलं, कारण तिचा विश्वास बसत नव्हता. मावसाजी स्वतःहून त्याच डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. डॉक्टर या वेळी शहाणा झाला होता, तो म्हणाला, "बाबाजी, बहुतेक दिसेल." मावसाजी म्हणाले, "हे बरं बोलला तू," आणि खुर्चीवर बसले. मी गेले तेव्हा ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता. काळा चष्मा लावून ते दुकानात काउंटरमागे बसले होते, खिशात नवी काडी होती. गिऱ्हाईक नव्हतं. उन्हं गल्लीत आली होती. त्यांनी डावा डोळा झाकला, मग उजवा झाकला, मग दोन्ही उघडून समोरच्या किराणावाल्याची पाटी मोठ्याने वाचून दाखवली आणि त्याची एक चूक काढली. मी निघाले तेव्हा ते पायरीपर्यंत आले.

"बेबी, पोरीले सांगजो, घाई करू नको म्हणा. घाईत अर्थिंग कच्चं राह्यते."

"सांगते."

मी कोपऱ्यापर्यंत गेले असेन. मागून पुन्हा हाक आली.

"पण लई उशीरही नको करू म्हणा."